दुसरा काटा

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या बोटीवरच्या भाऊजींना, वेळ विचारली तर मिनिटं कधीच कळायची नाहीत. "नऊ होऊन गेलेत, दहाला सवड हाय," एवढंच उत्तर. मला सगळं वेळच्या वेळी लागे. मी चिडत असे. ते म्हणत, "वहिनी, भाताला मिनिटं लागत न्हाईत, वाफ लागती."

जन्मभर परदेशी बोटींवर स्वयंपाक करून नव्वद सालानंतर ते येडगावला परतले. आमची घरं शेजारी. त्यांच्या मनगटावर एक भारी घड्याळ होतं. समुद्रासारखी निळी तबकडी, चावीवर बोटीचा बारीकसा नांगर, आणि काटा मुळातच एक, तासांवरून सावकाश सरकणारा. तापात पेज भरवून वाचवलेल्या कप्तानाने निरोप देताना ते स्वतःच्या हातातून काढून दिलं होतं.

गावाला गंमतच झाली. नांगर म्हटल्यावर लोक फाळ आणि रुमणं शोधत. "राव, दुसरा काटा समुद्रात पडला का?" असं पारावर रोज कुणीतरी विचारी. भाऊजी हसत. माझी जाऊ काशी मात्र मनाला लावून घेई. नवरा इतकी वर्षं परमुलखात राबला आणि मोडकं घड्याळ घेऊन आला, असं लोकांनी म्हणावं हे तिला सोसेना.

एका दिवाळीत घड्याळ दिसेनासं झालं. पाडव्याला काशीने भाऊजींना ओवाळलं, तेव्हा ते ताटात निरांजनाशेजारी होतं. नारायणगावच्या बाजारातून तिने त्याला दुसरा काटा बसवून आणला होता. पिवळाधमक, बारावर चिकटवलेला, कधीच न हलणारा.

काशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. भाऊजींनी घड्याळ कानाशी नेलं, मग मनगटावर बांधलं.

"एकटा व्हता बिचारा," ते म्हणाले. "आता जोडी झाली."

पुढे त्यांचा बोटीवरचा एक सोबती भेटायला आला. घड्याळ पाहून त्याने कपाळाला हात लावला. असल्या किमती चिजेची ही दशा कुणी केली, म्हणून तो इंग्रजीत तावातावाने बोलू लागला. काशी चहा घेऊन दारातच थबकली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण पाहुण्याचं बोट कशावर आहे ते दिसत होतं.

"काय म्हणत्यात पावणं?"

"इचारतोय, असला काटा कुठं मिळंल," भाऊजी म्हणाले.

काशीने लाजत लाजत त्याला दुकानाचा पत्ता सांगितला.

ती भाऊजींच्या आधी गेली. त्याच वर्षी चिकटवलेला काटा सुटला, काचेखाली घरंगळला आणि घड्याळ अडकून बंद पडलं. भाऊजी सकाळीच माझ्या दारात उभे. "वहिनी, संगती चला. मला एकट्याला सांगता नाय यायचं."

नारायणगावच्या घड्याळजींनी काच उघडली. हा काटा बिनकामाचा आहे, काढून टाकतो, म्हणजे घड्याळ पहिल्यासारखं होईल, असं त्यांनी समजावलं. भाऊजी नुसते मान हलवत राहिले, नको म्हणून. शेवटी घड्याळजींनी चिमट्यात तो पिवळा काटा धरला आणि विचारलं, "बरं, कुठं बसवू?"

"तिनं बसवला व्हता तिथंच."