मार्कोसची खोली

सुरगाण्याचा यशवंत भोये २००८ साली नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यातून प्रशिक्षणासाठी जपानच्या गिफू भागात गेला. शेजारच्या खोलीतल्या मार्कोस नावाच्या ब्राझीलच्या कामगाराने एका सुटीला त्याला डोंगरातली, गवताने शाकारलेली उंच घरं दाखवली. यशवंतला आपलं गाव आठवलं.

हिवाळ्यात मंदी आली. मार्कोसचं काम गेलं आणि कंपनीची खोलीही. यशवंतने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. कंपनीच्या साहेबाने दोघांसमोर बजावलं, "याला ठेवलंस तर तूही घरी जाशील." मार्कोस बॅग उचलून बर्फात निघून गेला. तो कुठे गेला, ते यशवंतला कधीच कळलं नाही.

गावी परतल्यावर आईने हौसेने विचारलं, "जपान कसा हाय रं?"

"लय देखणा हाय," एवढंच सांगून यशवंत बाहेर गेला.