घाटात उभे राहणारे

धावणाऱ्याला मेडल मिळतं आणि उभ्या राहणाऱ्या पंचाला किस्से! मी वाईची, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली. वाईहून घाट चढून पाचगणीला जाणाऱ्या आमच्या शर्यतीत मात्र अजून स्टॉपवॉच घेऊन उभी राहते. शर्यतीला इंटरनॅशनल दर्जा द्यायचा की नाही, हे ठरवायला परदेशातून मार्टिनसाहेब निरीक्षक म्हणून आले आणि किश्श्यांना ऊतच आला.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "पंचांचे नातेवाईक धावत असतील तर लपवायचं नाही. ज्यांचं कुणी धावतंय, त्यांनी हात वर करा." आमचे सेक्रेटरी शिंदे सर यांनी त्याचं मराठी केलं.

सगळे हात वर! कुणाचा पुतण्या, कुणाच्या मेव्हण्याची मुलगी, कुणाचा नुसताच भावकीतला. सगळ्यात ताठ हात नानांचा. नाना म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले आमचे मुख्य पंच. त्यांची धाकटी, आरती, शर्यतीत होती.

साहेब हबकले. "मग शेजारच्या जिल्ह्यातून पंच आणा. सांगलीहून."

"आणू की," नाना म्हणाले, "पर सायेब, सांगली तर आमची सासुरवाडी हाय!"

शेवटी ठरलं, सगळी नाती फळ्यावर उघड लिहायची आणि मग काम करायचं. फळा पुरला नाही.

*

मग सत्कार. शिंदे सर शाल, श्रीफळ आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढे झाले, तसे साहेब दोन पावलं मागे सरले. "भेटवस्तू नियमात बसत नाहीत!"

शिंदे सरांचा चेहरा पडला. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवलं तर गाव काय म्हणेल? नानांनी सरळ बॉक्स फोडला आणि हॉलभर फिरवला. "एकट्यानं खाल्ला तर भेट. समद्यांनी खाल्ला तर परसाद!"

साहेबांनी विचार केला आणि प्रसाद घेतला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, प्रसाद दुसऱ्यांदा घेता येतो का?

*

रस्ता मोजायला एक खास सायकल असते. चाकाला काउंटर लावलेला, चाक फिरेल तितकं अंतर मोजलं जातं. ते काम शिंदे सरांकडे होतं. साहेबांनी पुन्हा मोजलं तर शर्यत चक्क आखूड निघाली!

बरीच चौकशी झाली. शेवटी उलगडा झाला, की वाटेत ज्यानं ज्यानं "सर, च्या घ्या की!" म्हणून हाक मारली, त्याच्या दारापर्यंत सर सायकलवरूनच गेले होते. आणि परत आले होते. तेही अंतर शर्यतीतच मोजलं गेलं!

"आवं, न्हाई कसं म्हणायचं?" सर म्हणाले.

*

डोप टेस्टच्या वेळी माझी ड्युटी एका केनियन मुलीबरोबर होती. नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. पोरगी सीलबंद बाटल्यांवर बाटल्या पीत होती, पण काही केल्या लघवी होईना. झाडू मारायला आलेल्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"बाई, तुमी अशा टक लावून बसल्यावर कुनाला व्हईल?"

मी पाठ फिरवून आरशातून बघायला लागले. लगेच काम झालं!

*

आता नानांचं. पहिल्या येणाऱ्या भारतीय मुलीला परदेशातल्या शर्यतीत धावायला मिळणार होतं. आरतीनं पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. पाण्याचा नियम कडक होता. ठरलेल्या टेबलावरचंच पाणी प्यायचं. बाहेरचं घेतलं तर पहिल्यांदा पिवळं कार्ड म्हणजे समज, दुसऱ्यांदा लाल, म्हणजे बाद.

घाटाच्या पायथ्याला आरतीची मामी लिंबूसरबताचा तांब्या घेऊन उभी. पोरीनं पळता पळता घोट घेतला. नानांनी पिवळं कार्ड काढलं.

"दाजी, तुमचीच पोरगी हाय न्हवं ती?" मामी करवादली.

"व्हय. फळ्यावर लिव्हलंय."

मग नाना जीपनं वर, शेवटच्या वळणावर आले. तिथं मी होतेच. उन्हाचा चटका लागत होता. आरती सगळ्या मुलींच्या पुढे होती, पण ओठ कोरडे पडलेले, पाय जड झालेले. नानांचा हात पिशवीत कधी गेला ते त्यांनाही कळलं नसावं. स्वतःची बाटली त्यांनी पुढे केली. ती प्याली आणि पुढे गेली.

नाना हातातल्या बाटलीकडे बघत राहिले. मग धावत तिच्या पुढे गेले आणि लाल कार्ड दाखवलं.

मार्टिनसाहेब घाईघाईनं आले. "नियमात सवलत आहे. धावपटू आजारी असेल, तर पंच पाणी देऊ शकतो. ती आजारी होती का?"

आम्ही सगळ्यांनी नानांच्या वतीनं होकारार्थी माना हलवल्या. मला अगदी मनापासून वाटत होतं, माणसानं एकदा हो म्हणावं.

"न्हाई सायेब. तहानल्याली हुती. तहान समद्यांनाच लागल्याली. पानी म्या एकीलाच दिलं."

शर्यतीला दर्जा मिळाला. पासपोर्ट कपाटात राहिला. घरी बापलेकीत काय झालं ते मी विचारलं नाही. नानांचं तोंड बघूनच कळत होतं.

पुढच्या वर्षी तेच वळण, तसंच ऊन. नानांच्या पिशवीत बाटली होती, मी पाहिली होती. वळणावर आरती दिसली, पुन्हा सगळ्यांच्या पुढे. आणि लांबूनच ओरडली,

"नाना, हात खिशात घाला!"