कपड्यांबरोबर गेलेलं शिल्प

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला लेकीकडे होते, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिच्या भाच्याने हिंदीत दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी घरी, रायपूरला पोचेपर्यंत तेरवीही होऊन गेली होती. दुःख आहेच. पण इतके दिवस झाले तरी दुःखाहून संतापच जास्त आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत. ती चित्रकला शिकवायची, मी गणित. घरी मात्र ती ब्रशला हात लावत नसे. सुतळी, लोकर, जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, हेच तिचं सामान. माझ्या कोशाच्या रेशमी साडीचा सुटलेला धागासुद्धा बोलता बोलता ओढून पिशवीत टाकायची. रंग का नाही, असं मी एकदा विचारलं. "रंग वरच्यावर बसते," ती म्हणाली. "धागा आत जाते अन् मंग बाहेर येते. मले ते आतलं पाहिजे."

चौबे कॉलोनीत भावाच्या घरी तिची एक खोली होती. तिथे मधोमध, छताच्या आकड्याला तिचं सगळ्यात मोठं काम टांगलेलं असे. आईच्या लुगड्यांच्या पट्ट्या आणि सुतळी पिळून, गाठी मारून घडवलेली, वाकलेल्या बाईची पाठ. फक्त पाठ, माणसाहून उंच. कित्येक वर्षं तिने त्यात घातली. शहरातल्या एका मेळाव्यातल्या चित्रप्रदर्शनात ते एकदाच गेलं, तर संयोजकांनी ते गृहउद्योगाच्या दालनात, पापड-लोणच्यांशेजारी लावलं. वर समजावलं, की ताई, इकडे गर्दी जास्त असते. सुनंदा भांडली नाही. स्टुलावर चढून तिने स्वतः ते उतरवलं आणि म्हणाली, "मंग ते पापड नेऊन टांगा चित्रांत." मी हसले. ती हसली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा बैठकीत तिच्या फोटोशेजारी एक चित्र होतं, काचेच्या चौकटीत, हार घातलेलं. कॉलेजात असताना तिने काढलेला रायपूरचा बूढ़ा तालाब. भिंतीची ओल झाकायला तिने ते लावलं होतं, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं की तिला लाज वाटायची. आणि ती पाठ...? तिच्या वहिनींनी शांतपणे सांगितलं, कपड्यांबरोबर गेली. मेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण-पांघरूण देऊन टाकायचं असतं, त्याच गाठोड्यात तीही बांधली. नेणारी बाई गुढियारी वस्तीतली, एवढंच त्यांना ठाऊक. काठी टेकत मी गुढियारीत विचारत फिरले, पत्ता लागला नाही. त्या बाईला मी कशाला दोष देऊ? पण काचेमागचा तो तलाव देऊन टाकावा असं या घरात कुणाच्या मनातही आलं नाही, कारण तो रंगवलेला होता.

"जुन्या लुगड्यांचंच तर होतं ना ते, ताई," वहिनी म्हणाल्या. "कला आहे म्हणून कोणी सांगायले पाहिजे होतं."

कोणी... अहो, सुनंदाने जन्मभर दुसरं काय सांगितलं? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. वहिनी उठल्या. मग मला तिची खोली दाखवायला घेऊन गेल्या. खोली धुऊन रिकामी केलेली, वर नुसता आकडा. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्या खिडकी लावायला निघाल्या. सरळ जायला सगळी खोली मोकळी होती. पण आकड्यापाशी येताच वहिनींनी अंग चोरलं, आणि त्यांच्याही नकळत त्या जागेला वळसा घालून गेल्या.