प्लगइन नव्हतं तोवर बाबा बोलत होते

आधीच सांगतो, आमच्या घरात भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. अंगारे-धुपारे, नवस, भूतखेत... कशालाच थारा नाही. मी सौंसरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, आणि 'सर, मशीनमध्ये काहीतरी आहे' म्हणणाऱ्याला आधी वायर तपासायला लावतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही पांढुर्ण्याचे. बाबा तिगाव स्टेशनवर पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. रिटायर झाल्यावर माझा चुलतभाऊ सतीश याने त्यांना सावरगावच्या विहारात बसवून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज राहावेत म्हणून तो एक वेबपेज बनवत होता. आई त्या दिवशी मावशीकडे सौंसरला होती, मी शाळेत. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा बाबांना लकवा मारला होता. वाचा गेली, ती शेवटपर्यंत आली नाही.

बाबा गेल्यावर सतीशने लिंक पाठवली. घरचं मशीन जुनं, त्यावर मी लिनक्स टाकलेलं. पेज उघडलं तर आवाजाच्या जागी नुसता करडा चौकोन, त्यावर लिहिलेलं: हे चालवायला लागणारं प्लगइन नाही. नेट रडत होतं. म्हटलं रविवारी बघू, आणि चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तर आई त्या चौकोनासमोर बसून हसत होती.

"काय झालं?"

"तुहे बाबा सांगून राह्यले ना... बकरी घुसली म्हणते विहारात. सतीशले म्हणते, हाकल तिले, नाही तं माह्यापेक्षा तेच जास्त बोलन."

स्पीकर तर जोडलेलेही नव्हते. दुःखात माणसाला भास होतात, असं मी धरून चाललो. पण रोज शाळेतून यावं तर आई खुर्चीत, चेहरा उजळलेला. शेवटी मी विचारलं, बकरीनंतर काय म्हणतात?

"तुह्याबद्दल बोलते. पण मी नाही सांगत. बापाचं बोलणं बापाच्याच तोंडून ऐकजो. तुले ऐकू येत नाही, हेच मले बरं नाही वाटत, बाबू. ते काय टाकाचं म्हणत होता, टाक ना."

रेल्वेची नोकरी नको म्हणालो तेव्हापासून बाबांचं माझ्याशी कामापुरतंच बोलणं उरलं होतं. ते माझ्याबद्दल काय बोलले असतील? भास तर भास, मला ते हवं होतं.

रविवारी प्लगइन टाकलं. कुठेही एरर नाही. ब्राउझर बंद करून उघडला, चौकोन गेला, प्लेचं बटण आलं. स्पीकर जोडले. आईनं माझा हात धरला.

नुसती घरघर. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घरघर...

"लाव ना," आई म्हणाली.

"लावलंय, आई."

"मंग बाबा कुठं गेले?"

सतीशला फोन केला. त्याच्याकडची फाइलही तशीच. "माइकची वायर ढिली होती वाटते, दादा. मी न ऐकताच टाकून देल्ली."

मी बकरीचं विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं, "तुले कोनं सांगितलं? तिथं मी अन् मोठेबाबा दोघंच होतो. मी तं कोनाले बोललो नाही."

"आणि त्यानंतर बाबा काय म्हणाले?"

"बकरी हाकलाले मी बाहीर गेलो होतो. आलो तं मोठेबाबा डोळे पुसत होते. म्हणे, झालं माह्यं."

मी प्लगइन काढून टाकलं. चौकोन परत आला. आई समोर जाऊन बसली, पार अंधार पडेपर्यंत बसली. काही नाही. मग मला रडूच फुटलं. "तू तर रोज ऐकत होतीस. माझ्याबद्दल काय म्हणायचे ते तूच सांग."

तिनं डोळे मिटून खूप प्रयत्न केला. "आवाज होता तं सारं होतं, बाबू. आता एक बोलही याद नाही येत."

बकरी तिला अजून आठवते. त्याच्या पुढचं नाही. लिनक्स जाणणाऱ्या कुणाकडेही याचं उत्तर नसणार, हे मलाही कळतं.

ती आता त्या खुर्चीत बसत नाही. शाळेतून आलो की मीच बसतो, चौकोनासमोर, स्पीकर काढून. स्वयंपाकघरातून ती विचारते, "आलं का रे काही?"

"नाही, आई."