चार बोटं सूर्य

रोज संध्याकाळी शेजारच्या अक्का गच्चीवर यायच्या. पश्चिमेकडे हात लांब करून तळवा आडवा धरायच्या आणि सूर्य व समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायच्या; एका बोटाला साधारण पाव तास. "चार बोटं हाय अजून," असं पुटपुटून झपाझप जिना उतरायच्या. साताऱ्याहून आम्ही काही वर्षांसाठी सांगलीला राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. मला वाटलं, या बाई कुणाला तरी थांब म्हणतायत.

ते अगदीच चूक नव्हतं. अक्का जैन. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नाही. त्यांचे यजमान अण्णा कुपवाडच्या कारखान्यातून स्कूटर दामटत यायचे. आधी त्यांना गरम भाकरी, मग घरात असेल त्याला. सगळ्यांचं होईपर्यंत अक्कांच्या वाट्याला सूर्य जेमतेम बोटभर उरायचा. ओट्यापाशी उभ्यानंच त्या घास गिळायच्या. "माझं जेवाण म्हंजे सुटलेली एस्टी धरणं हाय बघ," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मी फारशी बोलणारी नव्हे. शाळा इंग्रजी माध्यमाची, काम घरातून लॅपटॉपवर. शेजाऱ्यांशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची सवय. अक्कांना त्याची अडचण नव्हती. "तू ऐक. बोलायला मी हाय की," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

अक्कांची साठी झाली तेव्हा बंगळुरातल्या मुलांनी आईवडिलांना परदेश दाखवायचं ठरवलं. कुठला, ते अक्कांनी सांगायचं. त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. व्हिडिओत समुद्राकाठी निळ्या दारासमोर एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. "ही बाई सुरवातीपासनं नुस्ती बसलीया," अक्का म्हणाल्या. "मला हितं जायचंय." ते ग्रीसमधलं क्रीट बेट निघालं.

टूरवाल्यानं सहा दिवसांत चार बेटं बसवून दिली. अक्कांनी त्याला विचारलं, "पाव्हणं, बेट बघायचंय का बेटांची हजेरी घ्यायचीय?" मग आखणी माझ्याकडे आली. तिथेही द्राक्षं वाळवून बेदाणा करतात, हे वाचून मी ऑगस्ट सुचवला. अक्कांच्या माहेरी तासगावकडे बेदाण्याची शेडं. त्यांना आवडेल असं वाटलं.

"जलम गेला बेदाणा निवडण्यात. काम टाकून काम बघायला कोण जातंय? आन् तवा चातुर्मास असतोय."

जून ठरला. पण अण्णा हलेनात. "नुस्तं बसायचंच हाय, तर सांगलीत खुर्च्या मिळंनात व्हय?" "ऱ्हाऊ दे मग," त्या मला म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी गच्चीवर मी त्यांना माझी आखणी तरी दाखवली. एकच गाव, समुद्राकाठी खोली, शेगडीची सोय. आणि रोज सहाच्या आत जेवण, सांगलीच्या हिशेबानं. अक्का हात लांब करून उभ्या होत्या. मध्येच वळल्या. "तितं दिवस कवा मावळतो गं?"

मी फोनवर पाहिलं. "साडेआठनंतर."

"नीट बघ."

मी नीट पाहिलं. तेच होतं. अक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या. संध्याकाळच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"म्हंजे सैपाक आवरून मला आन् ह्यास्नी एका वक्ताला जेवाय बसता येईल," त्या सावकाश म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं सांजचं एकदा बी संगट बसलो न्हाई."

त्या दिवशी भाकरी थापायला उशीरच झाला. त्यांनी अण्णांना हे कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. सकाळी अण्णा स्कूटर पुसता पुसता मला एवढंच म्हणाले, "तितं खुर्च्या दोन असत्यात नव्हं?"

राहिला फोन. मी क्रीटमधल्या त्या खोलीच्या मालकिणीला मेल करणार होते. अक्का म्हणाल्या, "मेल नगं. आवाजात माणूस कळतंय." अनोळखी बाईशी फोनवर बोलायचं, म्हणून मी वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली. शेगडी विचारली, कांदा-बटाटा का चालत नाही ते सांगितलं. मालकिणीनं विचारलं, पाहुण्यांना काय काय बघायचंय? मी अक्कांकडे पाहिलं.

"सांग की, बसणार म्हणून."

मी सांगितलं. पलीकडे एकदम मोठं हसू. दुपारभर तिची आईही दारात तेच करते म्हणे. मलाही मोठ्यानं हसू आलं. परक्या माणसापुढे मी अशी कधी हसत नाही.

अक्का गेल्या त्या कडक भाकऱ्या आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी घेऊन. दोनतीन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. सांगलीत अंधार पडून गेला होता. तिकडे लख्ख ऊन. समुद्र, एक टेबल, दोन खुर्च्या. मागून अण्णांचा आवाज, "अगं ए, ताट कुठं ठिवू?"

"अक्का, जेवलात?" मी विचारलं.

अक्कांनी सवयीनं समुद्रावर हात लांब केला. चार बोटं धरली. त्यावर दुसरा हात ठेवला, पुन्हा पहिला त्याच्यावर. सूर्य तरी वरच होता. मग हसून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"न्हाई गं. बसू सावकाश."