कुत्र्यासाठी बंद झालेला नमस्कार

मला कुत्र्यांची किळस येते, हे आधीच सांगून टाकते. ती लाळ, ते केस, तो ओला वास. शी. अहमदपूरच्या आमच्या घरात हे ध्यान आणलं माझ्या मुलानं, सुदर्शननं. स्वतः नांदेडला नोकरीला गेला आणि पिल्लू आमच्या गळ्यात मारलं. नाव ठेवलं ब्रुनो. माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्याला बुरण्या म्हणतात.

सासूबाईंना मान लागतो. घरात येणाऱ्यानं आधी त्यांच्या पाया पडायचं, मग पाणी मागायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की वाकते. सुदर्शनच्या वेळी नववा महिना होता, तेव्हाही पोट धरून वाकले. त्या पाय पुढं करून बसायच्या. एकदा कंबर धरली म्हणून राहिलं, तर दिवसभर माझ्या हातचा चहा घेतला नाही.

कुत्रं जरा मोठं झालं आणि येईल त्याच्या अंगावर उड्या मारायला लागलं. दूधवाल्याचं दूध सांडलं, पोस्टमनचा शर्ट फाडला. शेवटी माझ्या नवऱ्यानं बजावलं, "आणखी एकदा कुणाच्या अंगावर गेलं, तर शिरूर अनंतपाळच्या शेतात साखळीला बांधून येतो." सासूबाईंनी लगेच कुत्र्याला जवळ ओढलं. त्यांचा सगळा जीव त्या कुत्र्यात. जेवताना मांडीशी घेऊन बसायच्या, त्याच्या तोंडातून पडलेला लाळेचा तुकडा उचलून परत त्यालाच भरवायच्या आणि त्याच हातानं पुढचा घास घ्यायच्या. मला समोरचं ताट नकोसं व्हायचं.

सुदर्शननं फोनवरून उपाय सांगितला. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारी पाय जमिनीवर आले की भाकरीचा तुकडा द्यायचा. सासूबाईंनी सगळी गल्ली कामाला लावली. जो तो दारात पाठ करून उभा. लोक हसायचे, पण कुत्रं शिकलं. उभ्या माणसाला काही करेना.

वाकलेल्या माणसाचं मात्र त्याला कळेना. तोंड खाली आलं की त्याला वाटायचं, हे आपल्यासाठीच आलंय. संक्रांतीला शेजारच्या सुमनबाई नवी साडी नेसून वाण घ्यायला आल्या. सासूबाईंच्या पाया पडायला वाकल्या, आणि त्या बेण्यानं पाठीवर चढून त्यांचं सबंध तोंड चाटून काढलं. ओठसुद्धा. सुमनबाई नळावर जाऊन ओकल्या.

नवरा साखळी शोधायला उठला. तशा सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. त्याची काय चूक हाय? माणसं वाकतात म्हणून ते चढतंय. आजपासून माझ्या कुणी पाया पडायचं न्हाई. उभ्यानं हात जोडा, लई झालं."

नवरा परत खाली बसला. कुत्रं घरात राहिलं. सुमनबाईंना कुणी साधं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं वाकले. सासूबाईंनी पाय मागं घेतले. आजवर कधी नाही ते माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाल्या, "राहू दे बाई, वाकू नको."

मला भरून आलं. एवढ्या वर्षांनी का होईना, बाईला माझी कंबर दिसली.

मग त्यांनी हळूच कोपऱ्याकडं बोट केलं. "आत्ताच कुठं बसलंय ते. उठंल."