घर नंबर दोनशे सतरा

त्या वस्तीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे प्रश्नबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती विद्यापीठासाठी दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारत होती, आणि प्रश्न तरी कसले! एका वर्षी घरात शेवटी कोण जेवतं, पुढच्या वर्षी झोप किती तास लागते. मग नळाच्या पाण्याला वास येतो का, मग जिना चढताना दम लागतो का, मग शेजाऱ्याशी भांडण झालं तर आधी कोण बोलतं. एकदा तर एका प्रोफेसरांनी लोक कुठल्या कुशीवर झोपतात तेही विचारायला लावलं होतं. विषय बदलत, प्रोफेसर बदलत, बाई तीच. माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट अशी दाखवा, जिच्यावर विद्यापीठात कुणी ना कुणी डोकं धरून बसलेलं नाही, असं ती घरी ऐटीत सांगायची. खोटं कशाला बोला, तिला कामाची घमेंड होती. पण ती तिनं कमावलेली होती. तिचा फॉर्म कुणी पुन्हा तपासत नसे.

यंदाचं काम तीन खात्यांनी मिळून काढलं होतं. त्या खात्यांची लांबलचक नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून तिनं आपली सोय केली होती: पाणीवाले सर, रक्तवाल्या मॅडम आणि माणसंवाले सर. घरं तीनशे. प्रत्येक घराला एक नंबर आणि त्या नंबरच्या तीन चिठ्ठ्या. एक नळाच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटवायची, दुसरी घरातल्या लहान मुलाच्या बोटातून घेतलेल्या रक्ताच्या नळीवर, तिसरी एकशे बारा प्रश्नांच्या फॉर्मवर. तिन्हींपैकी एक जरी नसलं तर अख्खं घर बाद, आणि त्याच्याऐवजी दुसरं घर शोधून पहिल्यापासून सुरुवात.

आता एकशे बारा प्रश्न शब्दन्‌शब्द वाचायचे म्हटलं तर समोरची बाई गॅसवर दूध ठेवून कशी बसणार? प्रश्नबाईनं लांबलचक प्रश्नांना कात्री लावली होती. चौऱ्याहत्तरावा प्रश्न तर सहा ओळींचा. ती सरळ विचारायची, कारखान्यात कामाला कुणी आहे का? नाही? चला, पुढचा.

तर शेवटच्या दिवशी मागे राहिलेलं शेवटचं घर होतं शिंप्याचं, नंबर दोनशे सतरा. शिंप्यानं पाणी दिलं, कात्री चालवता चालवता उत्तरं दिली, पण सुई बघताच त्याचा मुलगा जो माळ्यावर चढला तो उतरेचना. शिंपीही म्हणाला, राहू द्या बाई, मी काही त्याला धरून बसणार नाही. नमुने न्यायची गाडी पाचला सुटणार होती आणि साडेचार होऊन गेले होते. एका थेंबापायी सगळं अडलं होतं. बाई वाटेतच आपल्या घरी शिरली. सहा वर्षांची नात ओट्यावर बसली होती. चिमणी म्हणायचे तिला. तिची आई नोकरीसाठी परगावी, म्हणून पोर आजी-आजोबांपाशी. बाईनं तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब नळीत धरला आणि वर चिठ्ठी चिकटवली: दोनशे सतरा. चिमणी रडलीसुद्धा नाही. लेकरू ते लेकरू, थेंब तो थेंब, असं स्वतःला समजावत बाईनं गाडी गाठली.

तीन आठवड्यांनी बैठक भरली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत भिंतीला लागून नमुन्यांचे मोठाले फ्रीज घुमत असत. मॅडमनी कागद उलटला आणि म्हणाल्या, एका मुलाच्या रक्तात शिसं सापडलंय, खूप जास्त. नंबर दोनशे सतरा.

त्या नळीत चिमणीचं रक्त होतं. टेबलाची कड धरून बाई बसून राहिली.

बाकीच्यांना मात्र उत्साहाचं भरतं आलं होतं. पाणी तर स्वच्छ आहे, पाणीवाले सर म्हणत होते, मग शिसं आलं कुठून? माणसंवाल्या सरांना कापडाच्या रंगाचा संशय, बटणांचा संशय. कुणी म्हणालं, यावर वेगळा लेख होईल. मॅडम तेवढ्या हसत नव्हत्या. मुलाच्या मेंदूवर परिणाम होतो, त्या म्हणाल्या. पोटात दुखतं, पोर चिडचिडं होतं, शिकलेलं विसरतं, आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. लेखाचं नंतर बघू. मग त्या बाईकडे वळल्या. उद्या दहा वाजता मावशींनी शिंप्याचं घर दाखवायचं, असं ठरलं.

पोटात दुखतं. चिमणी महिनाभर पोट धरून बसत होती, आणि बाई ओवा-पाणी देत होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मागच्या खोलीत आजोबा आणि नात नेहमीसारखे कामात होते. आजोबा जन्मभर रंगारी. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसेनात, म्हणून पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या आणून खरवडत, घासत आणि नवी करून देत. धुळीसाठी नाकाकानांवरून फडकं घट्ट बांधायचे. मग त्यांना बाहेरचं काही ऐकू येत नसे. चिमणी शेजारी बसून खाली पडलेल्या भुग्यात बोटानं अक्षरं काढायची, चुकलं की बोट जिभेला लावून पुसायची आणि पुन्हा लिहायची. दोघंही धुळीनं पांढरीफटक. बाई रोजच्यासारखं म्हणाली, हात धुवा आधी. या घरात तिचा एक कडक नियम होता: भरल्या हातानं फोनला हात लावायचा नाही. एकदा फोन बिघडला होता तेव्हापासून.

त्या रात्री ती घरभर शिसं शोधत फिरली. नळाचं पाणी हुंगलं, कल्हई उडालेलं पातेलं फेकलं, चिमणीची रंगीत खेळणी पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवली. आजोबांनी विचारलं, अगं, भूत लागलं का तुला? ती पिशवीला गाठ मारत राहिली. बोलणार काय? नुसता विचार आला तरी तिची पाचावर धारण बसत होती. खरं सांगितलं तर एकोणीस वर्षांची अब्रू जाते, तिनं भरलेली तीनशे घरं खोटी ठरतात. न सांगावं तर शिंप्याच्या धडधाकट मुलाला दवाखान्यात नेतील, आणि तिची चिमणी इथं पोट धरून बसेल. पहाटेपर्यंत तिनं एक पळवाट काढली, आणि भ्यालेल्या माणसाची पळवाट असते तशीच ती वाकडी होती. शिंप्याला हातापाया पडून गप्प ठेवायचं. मॅडमना म्हणायचं, हो, घेतलं होतं रक्त. चिमणीला मग आपण गुपचूप दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं.

आठ वाजता ती शिंप्याच्या दुकानात हजर. तो नुकता मशीनला तेल घालत होता. बाईनं सगळं सांगितलं, फक्त रक्त कुणाचं ते सांगितलं नाही. म्हणाली, एका दुसऱ्या मुलाचं घेतलं, आता तुम्ही एवढं सांभाळून घ्या.  एकोणीस वर्षं तिनं लोकांच्या दारात नुसते प्रश्न विचारले होते. मागितलं असं कधी काही नव्हतं.

शिंप्यानं तेलाचं डबडं खाली ठेवलं. मुलगा आतून डोकावत होता, त्याला त्यानं हातानं आत जा म्हटलं. रागावला नाही तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"बाई, माझं पोर ठणठणीत आहे, ते मी सांगेन काय नि न सांगेन काय," तो म्हणाला. "पण ज्याचं रक्त होतं ते पोरगं कुठंय? त्याला कुणी सांगितलंय का?"

 नंतर बाई म्हणायची, मला आयुष्यात कुणी विचारलेला खरा प्रश्न तो एकच. ती तशीच उठली, पिशवी तिथंच विसरली आणि विद्यापीठाचा दुसरा मजला चढून मॅडमच्या दारात उभी राहिली. धाप लागली होती, तरी एका दमात सगळं बोलली. पळवाटसुद्धा सांगितली.

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, असं आणखी किती घरांत केलंय? बाई म्हणाली, एकाच. मॅडमना ते खरं वाटलं की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि कळलं नाही हेच बाईला सगळ्यात झोंबलं.

"ते मी नंतर बघेन," मॅडम म्हणाल्या. "आधी तुमचं घर. बसा."

त्यांनी कोरा फॉर्म काढला. तोच तो, एकशे बारा प्रश्नांचा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बाई टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. मॅडम एकेक प्रश्न शब्दन्‌शब्द वाचत होत्या आणि बाई घाईघाईनं उत्तरं देत होती: घरात माणसं तीन, पाणी नळाचं, पातेली स्टीलची.  शिसं कशात आहे एवढं कळलं की सुटले, असं तिला वाटत होतं. चौऱ्याहत्तर आला तशी ती सवयीनंच म्हणाली, कारखान्यात कुणी नाही, पुढचा घ्या.

"मावशी, प्रश्न पुरता वाचू द्या," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी वाचला. घरात कारखाना, भट्टी किंवा बॅटरीचं काम कुणी करतं का. तसंच घरात किंवा घराजवळ जुन्या इमारतीतल्या दारं, खिडक्या, कठडे यांवरचा जुना रंग कुणी खरवडतं किंवा घासतं का. जुन्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ मुलांच्या हातांवर, तोंडात जाते का.

खोलीत फ्रीज घुमत होते. बाईच्या डोळ्यांपुढे भुग्यात काढलेली अक्षरं आली, आणि ते जिभेला लावलेलं बोट. ते सहा ओळींचं वाक्य तिनं तीनशे वेळा हातात धरलं होतं. त्यातल्या एकाही घरात ते कुणाला ऐकवलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. आज चिमणीला सुट्टी होती. साडेदहाला आजोबा चहा पिऊन मागच्या खोलीत बसलेले असत.

तिनं मॅडमचा फोन ओढून घेतला आणि घरचा नंबर फिरवला. घंटी वाजू लागली. मॅडमनी काही न विचारता चौऱ्याहत्तरपुढे 'हो' लिहिलं आणि गाडीची किल्ली उचलली. बाई फोन कानाला लावून उभीच होती. घंटी वाजत राहिली. उचला अहो, ती पुटपुटत होती, उचल गं माझी बाई. पण तिकडे कुणी उचलणार नव्हतं. आजोबांच्या कानांवर फडकं होतं, आणि चिमणीचे हात भरलेले होते.